नाशकातली बिर्रिया: अनुभवाचे बोल

बिर्रिया आपल्याकडे आली ती मोबाइलच्या पडद्यावरून. लालभडक तेलात माखलेला टाको, त्यातून लोंबणारं चीज, शेजारी वाटीभर रस्सा आणि त्या रश्श्यात टाको बुडवणारा कुणाचा तरी हात. पाककृती शोधायला जावं तर पहिली ओळ ठरलेली: दीड-दोन किलो बीफ घ्या. नाशकातला माणूस त्या ओळीशीच थांबतो आणि मिसळ खायला निघून जातो. थांबायचं काही कारण नाही. आमच्या घरी थंडी पडली की बिर्रिया होते, पाहुणे मागून घेतात, आणि ती असते बोकडाच्या मटणाची. करता करता जे हाताला कळलं, ते इथे मांडते.

१. बीफ नाही म्हणून हळहळू नका

महाराष्ट्रात गाय कापायला आधीपासूनच बंदी होती. २०१५ सालच्या दुरुस्तीनंतर बैल आणि वळूही त्यात आले. म्हैस-रेडा त्या बंदीत नाहीत, त्यामुळे मालेगावकडे ज्यांच्या घरात मोठ्याचं मटण चालतं त्यांना तो रस्ता मोकळा आहे. पण मुळात बिर्रियाला बीफ लागतंच असं नाही. ती मेक्सिकोच्या पश्चिमेकडच्या हालिस्को प्रांताची, आणि तिथे ती बोकडाचीच. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी शेळ्या तिकडे नेल्या, त्या कोरड्या डोंगराळ मुलखात रुळल्या, आणि त्यांच्या उग्र मटणाला मिरची, आंबट आणि मसाल्यात मुरवून तासन् तास शिजवायची रीत तिथल्या लोकांनी बसवली. बीफ आलं ते नंतर, पार उत्तरेला सरहद्दीवरच्या तिहुआना शहराकडे. चीजवाला टाकोही तिकडचाच. तिथून तो लॉस एंजेलिसला गेला आणि तिथून आपल्या फोनवर. म्हणजे आपण पर्याय शोधत नाही, मूळ पदार्थच करतो आहोत.

आणखी एक गंमत. हालिस्कोची राजधानी ग्वादालाहारा आणि आपलं नाशिक, दोन्ही विसाव्या अक्षांशाच्या आसपास. दोन्ही पठारावर. ते आपल्यापेक्षा बरंच उंच, दीड हजार मीटरवर. त्यांच्याकडे बांधाबांधाला जी झाडं, त्यांची भावंडं आपल्या रेल्वेलाइनच्या कडेला उभी असतात: घायपात. तिकडे खड्ड्यात मटण भाजताना घायपाताच्या जातीची पानं लावतात. आपण मात्र त्या फंदात पडू नये. आपल्याकडच्या घायपाताच्या रसाने हाताला खाज सुटते. केळीचं पान आहे की.

२. खाटकाशी आधी बोला

जुन्या नाशकातल्या आमच्या खाटकाचा प्रश्न ठरलेला असतो: "ताई, बिर्याणीचं करू की रश्श्याचं?" त्यावर उत्तर द्यायचं, "दोन्ही नाही चाचा. दस्ती द्या, सीना द्या, गर्दन द्या, दोन नळ्या टाका, आणि तुकडे मुठीएवढे ठेवा." ते एकदा वर बघतात आणि मग सुरी बाजूला ठेवून सत्तूर घेतात.

रानाचं गुबगुबीत मटण बिर्रियाला वाया जातं. जनावराचा जो भाग चालून, मान हलवून राबलेला असतो, तिथल्या मांसात चिवट पडदे आणि शिरा जास्त. साधारण सत्तर अंशांच्या पुढे बराच वेळ ठेवलं की तेच पडदे विरघळून रश्श्यात उतरतात, आणि रस्सा ओठाला चिकटायला लागतो. हा चिकटपणा बिर्रियाचा प्राण. नुसत्या बोटीच्या मटणाचा रस्सा कितीही तिखट केला तरी पाणचटच लागतो. लहान तुकडे केले तर ते तीन तासांत विरून जातात आणि टाकोत भरायला धागा उरत नाही.

कोवळ्या बोकडाचा हट्टही नको. थोडा जून असला तरी चालतो, उलट चव भरते. आपल्या भागात संगमनेरी शेळी आहे, जिचा मुलूखच नाशिक, नगर, पुणे. मराठवाड्याकडून येणारी काळी उस्मानाबादी आहे. दोन्ही कोरडवाहू रानात चरणाऱ्या. बिर्रियाला याहून योग्य जनावर मागायला मेक्सिकोला जावं लागत नाही.

उठता उठता गुर्द्याजवळच्या चरबीचा एक तुकडा मागून घ्या. का, ते पुढे येईल.

३. मिरची रंगासाठी वेगळी, झणक्यासाठी वेगळी

मेक्सिकन पाककृतीत ग्वाहियो, आंचो, आर्बोल अशी नावं असतात. भाची कॅलिफोर्नियाहून येताना ग्वाहियोची पिशवी घेऊन आली होती, म्हणून ती हातात घेऊन बघता आली. साल जाड, गुळगुळीत, रंग गर्द लाल, तिखट बेताचं, चवीला किंचित आंबूस. त्या जागी आपली ब्याडगी बसते. ब्याडगी सुरकुतलेली, सालीने पातळ, पण रंगाला तिच्या तोडीचं कुणी नाही आणि तिखट कमी. आर्बोलच्या जागी लवंगी. संकेश्वरी घरात असेल तर तीही चालेल. आंचोला मात्र आपल्याकडे जोड नाही. ती वाळवलेली मोठी, जाड, काळपट मिरची, तिच्यात सुक्या फळाचा गोडवा असतो. तो मी पाच-सहा काळ्या मनुकांवर भागवते. कुणी कट्टर मेक्सिकन नाक मुरडेल, पण रश्श्याला जो खोल गोडसर तळ हवा तो मिळतो.

शेवटी ब्याडगी तरी कुठली? मिरची माणसाळवली गेली मेक्सिकोकडेच. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती आपल्या किनाऱ्याला लागली आणि कर्नाटकातल्या ब्याडगी गावाच्या नावाने मोठी झाली. माहेरच्या स्वयंपाकात ती परकी कशी वाटेल?

दीड किलो मटणाला वीसेक ब्याडगी आणि दोन-तीन लवंगी पुरतात. रविवार कारंज्याकडे किंवा जिथून तुम्ही वर्षाच्या मसाल्याची मिरची भरता तिथून घ्या. देठ आणि बी काढून टाका, बी ठेवलं तर वाटण कडसर होतं. मग तवा मध्यम तापवून मिरच्या एका थरात पसरायच्या आणि उलथन्याने दाबायच्या. दाबलं की मिरची तव्यावर सपाट होते, कडा किंचित फुगतात, लाल रंगावर तपकिरी डाग यायला लागतात आणि घरात एक गोड धूर पसरतो. खोकला यायच्या आत उलटायची. एका बाजूला दहा-पंधरा सेकंद, बस. काळा ठिपका दिसला तर ती मिरची सरळ बाहेर. एक जळकी मिरची अख्खं पातेलं कडू करते आणि नंतर त्यावर साखर, टोमॅटो कशाचाही इलाज चालत नाही.

भाजलेल्या मिरच्या कडकडीत पाण्यात अर्धा तास झाकून ठेवा. दोन टोमॅटो आणि एक कांदा तव्यावर अख्खे फिरवून भाजा, लसणाच्या सहा-सात पाकळ्या सालासकट. सगळं मिक्सरमध्ये एकदम बारीक वाटून गाळणीतून गाळा. गाळणीत जी सालं उरतात ती टाकून द्यायला जीव होत नाही, पण टाका. रस्सा गुळगुळीत हवा. मिरची पावडरने हे काम होत नाही. पावडर तळाशी बसते आणि रस्सा गढूळ दिसतो.

४. हात आवरा

इथे आपली खरी परीक्षा. वाटण तयार झालं की नाशिकच्या सुगरणीचा हात आपोआप खोबऱ्याकडे जातो. मग कांदा काळा होईपर्यंत भाजायची इच्छा होते. मग डब्यातला काळा मसाला खुणावतो. हे तिन्ही केलं की काळ्या रश्श्याचं मटण तयार होतं. उत्तम होतं, भाकरीबरोबर चार घास जास्त जातात, पण ती बिर्रिया नव्हे. भाची चव घेऊन एवढंच म्हणायची, "मावशी, हे छानच आहे, पण हे आपलंच आहे."

बिर्रियात खोबरं नाही. तेलात वाटण परतून परतून तेल सुटेपर्यंत थांबणं नाही. हळद नाही. धणेपूड नाही. गरम मसाला नाही, पण त्यातले मोजके दाणे आहेत: चार लवंगा, दहा-बारा मिरे, चमचाभर जिरे, बोटाच्या पेराएवढं आलं आणि दालचिनी. दालचिनी पातळ, कुरकुरीत सालीची घ्या. बाजारात मिळणारी जाड लाकडी साल तिखटसर असते आणि इतक्या साध्या रश्श्यात एकटीच बोलत राहते.

५. आंबट व्हिनेगरचं

पाऊण वाटी साधं उसाचं व्हिनेगर वाटणात जातं. चिंच नको, दही नको. मटणाला मसाला चोळून किमान चार तास ठेवायचं, रात्रभर ठेवलं तर उत्तमच. व्हिनेगरात मांस मुरवायची ही इबेरियन रीत गोव्यात विंदालूच्या रूपाने पोचली आणि मेक्सिकोतही. म्हणून गोव्यातला माणूस बिर्रिया खाऊन फारसा दचकत नाही. आंबट मसाला अॅल्युमिनियमच्या भांड्यात ठेवू नका.

६. पानओवा

मेक्सिकन ओरेगॅनो इथे मिळत नाही. पिझ्झाबरोबर येणाऱ्या पुड्यांतला ओरेगॅनो वेगळ्या कुळातला, आणि त्या पुड्या कधीच्या असतात ते देव जाणे. बाल्कनीतल्या कुंडीत पानओवा असेल तर त्याची चार-पाच जाड पानं चुरडून टाका. ज्या पानांची आपण भजी करतो, तीच. त्यांच्या वासाचा आणि ओरेगॅनोच्या वासाचा गाभा रसायनाच्या दृष्टीने एकच आहे. जास्त टाकलं तर मात्र खोकल्याच्या काढ्याची आठवण येते.

७. झाकण कणकेने बंद करा

हालिस्कोत बिर्रियाच्या भांड्याचं झाकण मक्याच्या पिठाने लिंपून बंद करतात, म्हणजे वाफ बाहेर जात नाही. आपल्याकडे दमाला कणीक लावतात, तीच युक्ती. जाड बुडाचं पातेलं घ्या, तळाशी केळीचं पान, त्यावर नळ्या, मग मटण, सगळं वाटण, मटण जेमतेम बुडेल एवढं गरम पाणी, मीठ, दोन तमालपत्रं. वरून पुन्हा पान. झाकण ठेवून कडेने कणकेची वळी दाबून बसवा. गॅस अगदी बारीक, पातेल्याखाली जाड तवा. तीन तास. मध्ये उघडायचं नाही. कणीक वाळून तडकली आणि तिथून वाफेची एक रेघ निघायला लागली की ओला हात फिरवून बुजवायची, एवढंच काम.

कुकर चालतो का? चालतो. एक शिटी झाली की गॅस बारीक करून अर्धा तास, मग वाफ आपोआप जाऊ द्यायची आणि झाकण काढून वीस मिनिटं उकळू द्यायचं. मटण मऊ होतं यात वाद नाही. रस्सा मात्र थोडा भोळा राहतो. घाईच्या दिवशी मी कुकर लावते आणि कुणाला सांगत नाही.

झालं की नाही हे शिट्यांवर ठरवू नका. नळीचं हाड चिमटीत धरून ओढा. मांस जागेवर राहून हाड नुसतं हातात आलं पाहिजे.

८. तर्री आपल्याला शिकवायला नको

मेक्सिकन माणूस रश्श्यावरचं लाल तेल पळीने वेगळं काढतो आणि त्यात टॉर्टिया, म्हणजे टाकोची मक्याची पोळी, बुडवून तव्यावर टाकतो. नाशिककरासाठी ही तर्री. फक्त अडचण अशी की बीफच्या मानाने बोकड कोरडा, रश्श्यावर तवंग कमी येतो. तेव्हा ती मागून आणलेली चरबी कामी येते. बारीक चिरून मंद गॅसवर वितळवा, त्यात दोन चमचे मिरचीचं वाटण टाका आणि तांबडी होईपर्यंत थांबा. ही तर्री रश्श्यावर ओतायची. वरून गोडं तेल घालून तवंग आणलेला लगेच ओळखू येतो.

बोकडाची चरबी पटकन थिजते आणि टाळूला चिकटते. म्हणून ताटं आधी वाढून ठेवू नका. माणसं बसली की मग रस्सा, उकळता.

९. मका आणि चुना

टाको म्हणजे मैद्याची पातळ चपाती नव्हे. तयार पाकिटातली मैद्याची टॉर्टिया तर्रीत बुडवली की लगदा होतो. मक्याची भाकरी चवीला जवळची, पण दुमडली की तुटते. कारण टॉर्टियाचा मका आधी चुन्यात शिजवलेला असतो. चुन्याने दाण्याची साल सुटते, पीठ चिकट होतं, पापडासारखं तडकत नाही. शिवाय मक्यातलं एक जीवनसत्त्व, नायसिन, शरीराला मिळायला लागतं. युरोपाने मका नेला पण चुना मागेच ठेवला, आणि इटली-स्पेनच्या मकेखाऊ गरिबांना त्वचा सोलणाऱ्या पेलाग्राने पिढ्यान् पिढ्या छळलं. मेक्सिकोतल्या बायकांना जीवनसत्त्वं ठाऊक नव्हती, चुना ठाऊक होता.

चुना आपल्याकडे पानवाल्याकडे मिळतो. मका येवला, मालेगाव, सटाण्याकडे उदंड पिकतो, बहुतेक पिवळा आणि बहुतेक कोंबड्यांच्या खाद्यासाठी. पांढरा मिळाला तर उत्तम. घेताना दाणा निवडून घ्या, बुरशीचा एकही नको. पेरणीचं बियाणं कधीही घेऊ नका, त्याला औषध चोळलेलं असतं.

एक किलो मक्याला दहा ग्रॅम चुना आणि तीन लिटर पाणी. स्टीलच्या पातेल्यात पाऊण तास उकळा. दाणा बोटांत चोळला की साल निसटली पाहिजे. मग झाकून रात्रभर तसाच ठेवायचा. सकाळी पाणी पिवळंधमक झालेलं असतं आणि त्याला ओल्या मातीचा, पावसाचा म्हणावा असा वास येतो. दाणे दोन-तीन पाण्यांत खसखसून चोळून धुवा. साली पाण्याबरोबर निघून जातात. वाटायला इडलीचा दगडी ग्राइंडर हवा किंवा पाटा-वरवंटा. मिक्सरला पाणी जास्त लागतं आणि गोळा सैल होतो. गोळा हाताला चिकटला तर पाणी जास्त, कडेला चिरला तर कमी. प्लास्टिकच्या दोन कागदांमध्ये लिंबाएवढी गोळी ठेवून सपाट ताटलीने दाबा, तापलेल्या तव्यावर टाका, दोनदा उलटा. फुगली तर जमलं.

एवढा खटाटोप नको असेल तर गिरणीचं मक्याचं पीठ घेऊन तांदळाच्या भाकरीसारखी उकड काढा, गरम असतानाच मळा, मूठभर कणीक घाला. त्याला टॉर्टिया म्हणता येणार नाही, पण एकदा दुमडता येईल. किराणा दुकानात कॉर्नफ्लोअर मागू नका. तो मक्याचा स्टार्च, सूप घट्ट करायचा.

१०. वरून काय

बारीक चिरलेला कच्चा कांदा, कोथिंबीर, लिंबू. कांद्याबद्दल लासलगाव ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या माणसाला काय सांगायचं? कागदी लिंबू मात्र हवंच. मेक्सिकोत जे लिंबू पिळतात ते हेच, आशियातून स्पॅनिशांबरोबर तिकडे गेलेलं. मिरची, टोमॅटो, मका तिकडून इकडे आले. लिंबू, कोथिंबीर, लवंग, मिरे, दालचिनी इकडून तिकडे गेले. हिशेब बराचसा फिटतो.

११. चीज

मुलांसाठी घाला. मोठ्यांना विचारू नका, ते हो म्हणतील आणि मटणाची चव जाईल.

१२. वार ठरवून करा

बिर्रिया दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागते. रस्सा मुरतो, थंड झाल्यावर चरबीचा थर वर जमतो, तो सहज काढून टाकोसाठी वेगळा ठेवता येतो. उरलेलं मटण धाग्याधाग्याने सोडवून तव्यावर कुरकुरीत करता येतं. पण नाशकातल्या घरात दुसरा दिवस ही सोपी गोष्ट नाही. मटणाचे वार तीन: बुधवार, शुक्रवार, रविवार. रविवारी केली तर दुसऱ्या दिवशी महादेवाचा सोमवार. शुक्रवारी केली तर शनिवार मारुतीचा. बुधवारी केली तर गुरुवार दत्ताचा नाहीतर स्वामींचा. श्रावण आणि मार्गशीर्ष तर सोडाच. शिळ्या बिर्रियाला हक्काचा दिवसच नाही.

रविवारची उरलेली बुधवारपर्यंत ठेवणं बरं नाही. शुक्रवारची रविवारी चालते, पण रविवारी कुणीतरी ताजं मटण घेऊन येतंच. बुधवारची मात्र एक गुरुवार फ्रिजमध्ये काढते आणि शुक्रवारी नीट उकळली की टाकोला तयार असते. मंगळवारी रात्री मका भिजतो, बुधवारी सकाळी मटण येतं, संध्याकाळी चारला पातेलं चढतं, आठला पानं मांडली जातात. दीड किलोच्या खाली करू नका, नाहीतर शुक्रवारसाठी काही उरत नाही. बिर्रियाचा वार बुधवार.